विश्लेषण : ‘भाऊ विरुद्ध भाऊ’... अमेरिकी यादवीतील सैनिकांची पत्रे आजही का वाचली जातात?

अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात झालेल्या यादवी युद्धात सुमारे ६ लाख २० हजार जणांचा बळी गेला, असे दीर्घकाळ मानले जात होते. जनगणनेच्या आधारे अलीकडे झालेल्या अभ्यासांनी हा आकडा सात ते साडेसात लाखांच्या घरात नेला आहे. या संहाराची सर्वांत जिवंत साक्ष सेनापतींच्या आठवणींत सापडत नाही. ती सापडते साध्या शिपायांनी घरी धाडलेल्या पत्रांत. यांतली कित्येक पत्रे भावाभावांची आहेत. कुठे एकाच तोफखान्यात लढणारे भाऊ, कुठे एकमेकांवर बंदुका रोखलेले, तर कुठे स्वातंत्र्यासाठी गणवेश चढवलेले कृष्णवर्णीय भाऊ. ही पत्रे काय सांगतात, कोणत्या गोष्टी लपवतात आणि दीडशे वर्षांनंतरही त्यांवरून वाद का होतो, याचा हा आढावा.

इतकी पत्रे लिहिली कशी गेली?

त्यापूर्वीच्या कोणत्याही मोठ्या युद्धात इतके साक्षर सैन्य रणांगणात उतरले नव्हते. उत्तरेच्या म्हणजे संघराज्याच्या सैन्यातील ९० टक्क्यांहून अधिक, तर दक्षिणेच्या सैन्यातील सुमारे ८० टक्के गोऱ्या शिपायांना लिहिता-वाचता येत होते. त्यातले बहुतेक जण शेतकरी, कारागीर, दुकानातले नोकर. आयुष्यात पहिल्यांदाच घर सोडून शेकडो मैल दूर आलेले. मोहिमा वर्षातले काही महिनेच चालत. उरलेला वेळ छावणीत जाई आणि त्या रिकामपणात पत्र हाच विरंगुळा आणि आधार असे.

टपालही आवाक्यात होते. उत्तरेत साध्या पत्राला तीन सेंट लागत. शिपायाचा महिन्याचा पगार १३ डॉलर, पण तो अनेकदा महिनोन् महिने थकलेला. खिशात तिकिटापुरतेही पैसे नसत. त्यामुळे जुलै १८६१ पासून ‘सैनिकाचे पत्र’ असा शेरा मारून तिकिटाशिवाय पत्र टाकण्याची मुभा मिळाली. टपालखर्च घरच्यांनी पत्र घेताना भरायचा. दक्षिणेनेही आपल्या शिपायांना अशीच सवलत दिली.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. शिपायांची पत्रे उघडून वाचणारी आणि काटछाट करणारी पद्धतशीर यंत्रणा या युद्धात नव्हती. पहिल्या महायुद्धापासून सैनिकी पत्रांवर जशी सेन्सॉरची कात्री चालू लागली, तशी ती इथे चालली नाही. अधिकाऱ्यांवरील राग, जेवणाची नासाडी, भीती, राजकारण असे सगळे त्यामुळे कागदावर उतरले. इतिहासकारांना या पत्रांचे मोल वाटते ते याच कारणाने.

टपाल व्यवस्थेवर युद्धाचा काय परिणाम झाला?

युद्धाला तोंड फुटल्यानंतर दीड-दोन महिन्यांतच देशाचे टपालही दुभंगले. १ जून १८६१ पासून दक्षिणेने स्वतःचे टपाल खाते चालवायला घेतले. त्याचे प्रमुख होते जॉन रेगन. उत्तरेने दक्षिणेशी टपाल व्यवहार थांबवला आणि दक्षिणेतील टपाल कचेऱ्यांत पडून असलेल्या तिकिटांचा पैसा होऊ नये म्हणून जुनी तिकिटे रद्द करून नवी छापली. दक्षिणेच्या राज्यघटनेत तर टपाल खात्याने १ मार्च १८६३ नंतर स्वतःच्या उत्पन्नावरच चालावे, असे कलम होते. साहजिकच तिथे टपाल महागले. जुलै १८६२ पासून साध्या पत्राला दहा सेंट पडू लागले. शिपायाचा पगार होता महिना ११ डॉलर.

उत्तरेच्या नाकेबंदीमुळे दक्षिणेत कागदाचा दुष्काळ पडला. लोकांनी भिंतीला लावायच्या नक्षीदार कागदाचे तुकडे कापून लिफाफे केले. आलेला लिफाफा उलटा करून पुन्हा वापरला. पान भरले की कागद आडवा करून आधीच्या ओळींवरूनच आडव्या ओळी लिहिल्या. अशी जाळीसारखी दिसणारी पत्रे आज संग्रहालयांत आहेत आणि ती वाचताना अभ्यासकांच्या नाकीनऊ येतात.

उत्तरेत या पत्रांनी एक कायमची सोय घडवली. तोवर शहरातल्या लोकांना पत्र आणायला टपाल कचेरीत जावे लागे. १८६२ च्या हिवाळ्यात क्लीव्हलँडमध्ये नवरा, मुलगा किंवा भावाच्या पत्रासाठी थंडीत ताटकळणाऱ्या बायकांची रांग जोसेफ ब्रिग्ज या टपाल अधिकाऱ्याने पाहिली आणि घरोघरी पत्रे पोहोचवण्याची कल्पना त्याला सुचली, असे सांगितले जाते. १ जुलै १८६३ पासून उत्तरेतील ४९ शहरांत विनाशुल्क घरपोच टपाल सुरू झाले.

पत्रांत असायचे काय?

‘आम्ही येथे कुशल आहोत, तुमचे कुशल कळवावे’ ही मराठी पत्राची ठरलेली सुरुवात. अमेरिकी शिपायाच्या पत्राचा मायनाही तसाच ठरलेला होता. हाती लेखणी घेऊन कळवतो की मी ठीक आहे आणि हे पत्र पोहोचेल तेव्हा तुम्हीही ठीक असाल अशी आशा करतो, अशा अर्थाच्या वाक्याने हजारो पत्रे सुरू होतात. पुढे येते ती छावणीतली दिनचर्या. दगडासारखी कडक बिस्किटे, चिखल, हगवण, गोवर. या युद्धातल्या मृत्यूंपैकी सुमारे दोन तृतीयांश मृत्यू गोळीने झालेच नाहीत, ते रोगांनी झाले. पत्रांतले आजारपणाचे पाल्हाळ त्यामुळे उगाच नाही.

मग मागण्या : मोजे पाठवा, तिकिटे पाठवा, गावातली बातमी पाठवा. पाठोपाठ शेतीच्या सूचना. कोणते जनावर विकायचे, कोणाचे देणे फेडायचे, पाठवलेले पैसे पोहोचले की नाही. आणि जवळपास प्रत्येक पत्रात एक तक्रार : तुम्ही लिहीत का नाही?

पत्र एकट्यासाठी नसे. पलटणी गावागावांतून उभ्या राहिल्या होत्या. त्यामुळे एकाच कंपनीत भाऊ, चुलतभाऊ, शेजारी असत. एकाचे पत्र आले की ते घरात मोठ्याने वाचले जाई, मग शेजारी जाई. ज्याला लिहिता येत नसे त्याचा निरोप भावाच्या पत्रात येई. त्यामुळे आईला काळजी वाटेल असा मजकूर भावाला वेगळ्या पत्रात लिहायचा, ही युक्तीही अनेकांनी केली.

मिनेसोटाच्या पहिल्या तोफखान्यातील विल्यम आणि थॉमस ख्रिस्ती या भावांचा पत्रसंग्रह या दृष्टीने मोलाचा आहे. दोघे एकाच तुकडीत. शायलो, व्हिक्सबर्ग, अटलांटा आणि पुढे शर्मनची समुद्राकडची कूच, असा दोघांचा प्रवास. थोरला विल्यम वयाने बराच मोठा आणि गंभीर, तर थॉमस विशीच्या उंबरठ्यावरचा. वडील, बहीण सारा आणि धाकटा भाऊ यांना दोघे स्वतंत्रपणे लिहीत. एकाच घटनेकडे एकाच घरातले दोन जण कसे पाहतात, हे त्यातून कळते. त्यांची पत्रे मिनेसोटाच्या इतिहास संस्थेने जपली असून २०११ मध्ये ती पुस्तकरूपाने आली.

सख्खे भाऊ खरोखर एकमेकांविरुद्ध लढले का?

लढले, आणि त्याचा लेखी पुरावा आहे. सर्वांत गाजलेले उदाहरण कॅम्पबेल बंधूंचे. दोघे स्कॉटलंडहून आलेले स्थलांतरित. जेम्स दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्सटनमध्ये स्थिरावला, अलेक्झांडर न्यूयॉर्कमध्ये. युद्ध सुरू झाले तेव्हा ज्याने त्याने आपल्या शहराच्या बाजूने नाव नोंदवले. अलेक्झांडर ७९ व्या न्यूयॉर्क रेजिमेंटमध्ये गेला. ही रेजिमेंट स्कॉटिश हायलँडर्सची म्हणून ओळखली जाई. जेम्स चार्ल्सटनच्या बटालियनमध्ये.

जून १८६२ मध्ये उत्तरेचे सैन्य चार्ल्सटनजवळच्या जेम्स बेटावर उतरले. भाऊ जवळपासच आहे, हे कैद्यांकडून अलेक्झांडरला समजले आणि त्याने ते पत्नी जेनला कळवले. १६ जूनच्या पहाटे सेसेशनव्हिलच्या मातीच्या तटबंदीवर हल्ला झाला. निशाण घेऊन अलेक्झांडर तटापर्यंत पोहोचला. आतून तट लढवणाऱ्यांत जेम्स होता. हल्ला फसला. उत्तरेचे सुमारे ७०० आणि दक्षिणेचे सुमारे २०० जण ठार, जखमी वा बेपत्ता झाले. दोघे भाऊ वाचले.

लढाईनंतर जेम्सला कैद्यांकडून कळले की समोरचा निशाणधारक आपलाच भाऊ होता. त्याने अलेक्झांडरला पत्र लिहिले. तुम्हाला हरवण्यासाठी आपण जिवापाड लढत होतो, हे त्याने लपवले नाही. पुन्हा असे समोरासमोर येण्याची वेळ येऊ नये, अशी इच्छा त्याने व्यक्त केली. आणि आलीच, तर तू तुझे कर्तव्य कर, मी माझे करीन, असेही बजावले. प्रेम आणि निर्धार एकाच कागदावर. त्यात माफी नाही आणि द्वेषही नाही. हे पत्र अलेक्झांडरने घरी धाडले, म्हणून ते टिकले.

पुढे अलेक्झांडर चँटिलीच्या लढाईत जखमी झाला. जेम्स जुलै १८६३ मध्ये बॅटरी वॅग्नर येथे कैद झाला. युद्ध संपल्यावर दोघांनी आपापल्या भागात संसार थाटले आणि त्यांचा पत्रव्यवहार चालू राहिला. त्यांची पत्रे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली.

अशी फूट मोठ्या घरांतही होती. केंटकीचे सिनेटर जॉन क्रिटेन्डेन युद्ध टाळण्यासाठी १८६० च्या डिसेंबरात तडजोडीचा प्रस्ताव मांडत होते. त्यांचा मुलगा थॉमस उत्तरेच्या सैन्यात जनरल झाला, जॉर्ज दक्षिणेच्या. राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्या पत्नी मेरी यांचे सावत्र भाऊही दक्षिणेकडून लढले. मात्र अशी घरे प्रामुख्याने केंटकी, मिसुरी, मेरीलँडसारख्या सीमावर्ती राज्यांत आणि दोन्हीकडे विखुरलेल्या स्थलांतरितांत होती. बहुसंख्य भाऊ एकाच बाजूने, बऱ्याचदा एकाच कंपनीत लढले.

मग ‘भावांचे युद्ध’ ही प्रतिमा वादग्रस्त का?

कारण ती अर्धीच गोष्ट सांगते. युद्धानंतरच्या काही दशकांत उत्तर-दक्षिण मनोमिलनाचे वारे वाहू लागले. दोन्हीकडचे वृद्ध सैनिक मेळाव्यांत हस्तांदोलन करू लागले. दोन गोरे भाऊ भांडले, दोघेही शूर, दोघेही प्रामाणिक, आता समेट झाला, अशी मांडणी रूढ झाली. या चित्रात ज्यांच्या गुलामगिरीवरून युद्ध पेटले ते सुमारे ४० लाख कृष्णवर्णीय कुठेच नव्हते.

खुद्द पत्रे काय म्हणतात? इतिहासकार जेम्स मॅकफर्सन यांनी हजाराहून अधिक सैनिकांची किमान २५ हजार पत्रे आणि सुमारे अडीचशे रोजनिश्या वाचून १९९७ मध्ये निष्कर्ष मांडले. शिपायांना लढण्यामागची कारणे चांगलीच ठाऊक होती, हा त्यातला मुख्य मुद्दा. त्यांनी अभ्यासलेल्या दक्षिणेच्या ४२९ सैनिकांपैकी सुमारे २० टक्के जणांनीच गुलामगिरीचे उघड समर्थन लिहिले. पण तिला विरोध करणारा त्यांच्यात एकही आढळला नाही. उरलेल्यांचे मौन हे असहमतीचे नव्हते. ज्या गोष्टीवर घरात दुमत नसते, ती पत्रात कशाला लिहायची? २००७ मध्ये चँड्रा मॅनिंग यांनीही पत्रे आणि छावण्यांतून निघणारी वृत्तपत्रे तपासून दाखवले की, दोन्हीकडचे साधे शिपाई गुलामगिरीला युद्धाच्या केंद्रस्थानी ठेवूनच विचार करत होते.

कृष्णवर्णीय भावांची पत्रे काय सांगतात?

या प्रश्नाचे उत्तरही बॅटरी वॅग्नरपाशीच सापडते. जेम्स कॅम्पबेल जिथे कैद झाला, त्याच ठिकाणी १८ जुलै १८६३ च्या संध्याकाळी ५४ व्या मॅसॅच्युसेट्स या कृष्णवर्णीय रेजिमेंटने हल्ला केला. सुमारे ६०० पैकी २७२ जण ठार, जखमी, कैद वा बेपत्ता झाले. हल्ल्यात सार्जंट मेजर लुईस डग्लस होता. गुलामगिरीतून निसटून तिच्याविरुद्ध आयुष्य वेचणारे नेते फ्रेडरिक डग्लस यांचा हा थोरला मुलगा. दोन दिवसांनी त्याने वाग्दत्त वधू अमेलियाला पत्र लिहिले. आपण सुखरूप आहोत, पण पुढच्या लढाईत पडलो तर शत्रूकडे तोंड करून पडू, असा त्याचा आशय. कृष्णवर्णीयांचे एक लाख सैन्य असते तर हे युद्ध आपण संपवले असते, असेही त्याने लिहिले.

धाकटा भाऊ चार्ल्स आजारपणामुळे मॅसॅच्युसेट्समध्येच मागे राहिला होता. त्याच जुलैत त्याने वडिलांना कळवलेला प्रसंग वेगळाच आहे. गेटिसबर्गच्या विजयाची बातमी ऐकून तो आनंद व्यक्त करत असताना एका गोऱ्याने त्याला वर्णावरून शिवी दिली आणि प्रकरण हातघाईवर आले. हे घडले ते दक्षिणेत नव्हे, गुलामगिरीविरोधी चळवळीचे केंद्र असलेल्या बोस्टनमध्ये. एका भावापुढे तोफा, दुसऱ्यापुढे आपल्याच बाजूचा वर्णद्वेष. दोन पत्रे एकत्र वाचली की उत्तरेच्या बाजूचे अवघे चित्र उभे राहते.

वेतनातही भेद होता. गोऱ्या शिपायाला १३ डॉलर, कृष्णवर्णीयाला १० आणि त्यातूनही गणवेशाचे तीन कापलेले. ५४ व्या रेजिमेंटने अपुरे वेतन घेण्यास नकार दिला. म्हणजे घरी धाडायला पैसेच नाहीत. जून १८६४ मध्ये काँग्रेसने समान वेतन मान्य केले. ज्यांचे कुटुंब अजून गुलामगिरीत होते त्यांचा प्रश्न तर आणखी बिकट. पत्र मालकाच्या हातून जाणार. मिसुरीचा सैनिक स्पॉट्सवुड राइस याने सप्टेंबर १८६४ मध्ये आपल्या गुलाम मुलींना, मी तुम्हाला न्यायला येतो आहे, असे कळवले. मुलीच्या मालकिणीलाही त्याने तसे खडसावून लिहिले.

मृत्यूची बातमी घरी कशी पोहोचे?

शिपायाच्या गळ्यात ओळखीचा बिल्ला नसे आणि घरी कळवण्याची सक्षम सरकारी व्यवस्थाही नव्हती. लढाईपूर्वी काही जण कागदावर नाव-पत्ता लिहून कोटाला टाचत. मृत्यूचे पत्र बहुधा सोबती, परिचारिका किंवा भाऊच लिही. ड्रू गिल्पिन फाउस्ट यांनी २००८ च्या आपल्या ग्रंथात दाखवले आहे की, या पत्रांचा साचा ठरलेला होता. तो शांतपणे गेला, देवाचे नाव घेत गेला, घरच्यांची आठवण काढत गेला. खरे काय घडले यापेक्षा आईला काय ऐकायचे आहे, याला महत्त्व होते.

वृत्तपत्रांतील याद्यांत चुका होत. डिसेंबर १८६२ मध्ये कवी वॉल्ट व्हिटमन यांनी जखमींच्या यादीत आपला भाऊ जॉर्ज याच्यासारखे, पण चुकीचे छापलेले नाव पाहिले आणि ते तडक व्हर्जिनियाकडे निघाले. जॉर्जच्या गालावर किरकोळ जखम होती. व्हिटमन मात्र नंतर वॉशिंग्टनमध्येच राहिले आणि रुग्णालयांतल्या जखमींसाठी त्यांची पत्रे लिहून देऊ लागले.

सरकारी नोंदीही बिनचूक नव्हत्या. नोव्हेंबर १८६४ मध्ये लिंकन यांच्या नावाने बोस्टनच्या लिडिया बिक्सबी यांना पाच मुलगे गमावल्याबद्दल सांत्वनपत्र गेले. ते अमेरिकेतील सर्वांत प्रसिद्ध पत्रांपैकी एक ठरले. प्रत्यक्षात त्यांचे दोन मुलगे युद्धात कामी आले होते. हे पत्र लिंकन यांचे की त्यांचे सचिव जॉन हे यांचे, हा वादही आजवर मिटलेला नाही. युद्धानंतर क्लारा बार्टन यांनी बेपत्ता सैनिकांसाठी कार्यालय चालवले. तिथे ६३ हजारांहून अधिक पत्रे आली आणि सुमारे २२ हजार जणांचे काय झाले, हे त्यांच्या घरच्यांना समजले.

महाराष्ट्राचा या युद्धाशी काय संबंध?

एक संबंध कापसाचा. दक्षिणेची बंदरे बंद झाल्याने इंग्लंडच्या गिरण्या भारतीय कापसाकडे वळल्या. मुंबईत पैशाचा पूर आला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सट्टा कोसळून अनेक पेढ्या बुडाल्या. दुसरा संबंध विचारांचा. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केला. या संघर्षाच्या मुळाशी गुलामगिरी आहे, हे पुण्यातून त्यांना स्पष्ट दिसत होते. पुढे अमेरिकेतल्याच कित्येक पाठ्यपुस्तकांनी ते धूसर केले.

ही पत्रे आज वाचताना काय लक्षात ठेवावे?

पहिली गोष्ट, हा संवाद एकतर्फी आहे. शिपायाचे पत्र घरच्या पेटीत राहिले. घरून आलेली पत्रे पावसात भिजली, कूच करताना फेकली गेली किंवा शत्रूच्या हाती पडून त्याच्या करमणुकीचा विषय होऊ नयेत म्हणून लढाईपूर्वी जाळली गेली. आया, बहिणी, बायका काय लिहीत होत्या, हे बऱ्याचदा शिपायाच्या उत्तरावरूनच ताडावे लागते. दुसरी गोष्ट, जपली गेली ती प्रामुख्याने शिकलेल्या आणि स्थिर घरांतील पत्रे. अल्पशिक्षितांनी बोलल्यासारखी लिहिलेली, अशुद्ध शब्दांची पत्रे अनेक वर्षे दुर्लक्षित राहिली. आता भाषाशास्त्रज्ञ त्याच चुकांवरून त्या काळातल्या बोली कशा होत्या, हे शोधत आहेत.

आणि तिसरी गोष्ट, चांगले पत्र लिहिणारा नेहमीच चांगल्या बाजूला असतो असे नाही. भावावर जीव टाकणारा, आईची काळजी करणारा शिपाई माणसांची खरेदी-विक्री टिकवण्यासाठीही लढत असू शकतो. त्याच्या पत्रातली माया खरी आहे आणि त्याच्या लढण्यामागचे कारणही. वाचकाला दोन्ही एकाच वेळी लक्षात ठेवावे लागते.